डाव्या बाजूचा विमा

आमच्या विहीणबाई रुसल्या तेव्हा नेपाळची हद्द नव्वद किलोमीटरवर राहिली होती. गोरखपूर नुकतंच मागे पडलं होतं. सकाळचे साडेसात वाजले होते, आणि दुधाच्या किटल्या लटकवलेला एक सायकलवाला डाव्या अंगाने अचानक आमच्या पुढ्यात आला. विहीणबाई ओरडल्या, "सायकल! अहो, सायकल!" मी ब्रेक दाबला. सायकलवाला आमच्याकडे न बघताच निघून गेला. आणि माझ्या तोंडून निघालं, "विहीणबाई, तीस वर्षं गाडी चालवतेय मी. जरा गप्प बसाल का?"

"गाडी थांबवा," त्या म्हणाल्या.

मी थांबवली. त्या उतरल्या, साडी नीट केली, मागचं दार उघडलं आणि पाळण्याच्या सुट्या केलेल्या लाकडांशेजारी पर्स मांडीवर घेऊन बसल्या. "हं, चला आता," एवढं म्हणाल्या. त्यानंतर सीमेपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नाही.

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. कराडहून निघून मी त्यांना बार्शीला घेतलं, तेव्हापासून चार दिवस आणि सतराशे किलोमीटर हेच ऐकत होते. ट्रक आहे. म्हैस आहे. तो रिक्षावाला घुसतोय बघा. वैजयंती काटकर यांनी अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती आणि ती अठ्ठावीस वर्षं त्यांनी माझ्या गाडीत आणून बसवली होती. मी कराडची पॅथॉलॉजी लॅब चालवलेली बाई. माझ्या लॅबमध्ये मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. माझ्या ईश्वरीचं आणि त्यांच्या ओजसचं लग्न नोंदणी कार्यालयात वीस मिनिटांत उरकलं. ना पंगत, ना मानपान. त्यामुळे विहिणीचा जो रुसवा लग्नात निघून जायचा, तो तीन वर्षं तसाच राहिला होता. तो उत्तर प्रदेशातल्या हमरस्त्यावर निघेल असं मात्र वाटलं नव्हतं.

ईश्वरी आणि ओजस पोखऱ्याला असतात, हिमनद्यांच्या तळ्यांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रात. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण ईश्वरीचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. मग मी ठरवलं, लेक माहेरी येऊ शकत नाही तर माहेरच तिच्याकडे न्यायचं. पाळणा, दुपटी, अळीव, डिंकाचे लाडू असं सगळं गाडीत भरलं. बाळंतपणाला अजून पंधरा दिवस होते. विहीणबाई कशा आल्या? त्यांनी स्वतःच फोन केला, "मी पण येते गाडीत. मला विमानात कानाला त्रास होतो." नाही कसं म्हणायचं?

सुनौलीला पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. २०४१चा ऑक्टोबर, दसऱ्याचे दिवस. नेपाळात हाच दशैंचा सण, त्यामुळे अख्खा देश आपापल्या गावी निघालेला. विमा केंद्राबाहेर गाड्यांची ही रांग.

हा सीमापार विमा काय असतो ते सांगते, कारण मलाही तो त्या दिवशीच नीट कळला. पूर्वी आपल्या गाडीच्या विम्याची हद्द आपल्या देशाबरोबर संपायची. पलीकडे जायचं तर वेगळी पुरवणी घ्यावी लागायची. एवढं करूनही पलीकडे कुणाला धक्का लागला, तर त्या बिचाऱ्याने कुठल्या देशाच्या कचेरीत खेटे घालायचे हा घोळ वर्षानुवर्षं चालायचा. मग शेजारच्या काही देशांनी मिळून करार केला. भरपाई मागाहून देण्याऐवजी, धक्का लागण्याची शक्यता किती ते आधीच मोजायचं.

ते मोजते छाया. आता प्रत्येक गाडीत एक बारकी पेटी असते. स्टिअरिंगवर हात किती घट्ट आहेत, ब्रेकवर पाय कधी जातो, डोळे कुठे वळतात, आवाज ऐकल्यावर किती वेळाने दचकतात, हे सगळं ती टिपून ठेवते. त्यातून तुमच्या गाडी चालवण्याची हुबेहूब नक्कल तयार होते. तीच छाया. सीमेवरचं यंत्र ही छाया पुढच्या रस्त्याच्या नकाशावर एक लाख वेळा सोडतं. कधी धुकं, कधी दरड, कधी मध्येच बकरी. दहा मिनिटांत एक लाख प्रवास होतात. त्यात बारापेक्षा जास्त वेळा कुणी जायबंदी झालं तर विमा नाही, आणि विमा नाही तर फाटक उघडत नाही. स्वतः चालणाऱ्या गाड्या सपाटीवर आहेत, पण पोखऱ्याच्या वाटेवरच्या पाल्प्याच्या घाटात दर पावसाळ्यात रस्ताच जागा बदलतो. तिथे अजून माणूसच लागतो.

खिडकीमागे सबिना भुसाल नावाची तिशीतली मुलगी होती. हिंदीत बोलत होती, छान हसरी. तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"एकसष्ट," ती म्हणाली.

"माझं वय बरोबर आहे," मी म्हटलं.

"वय नाही, मॅडम. लाखात एकसष्ट अपघात. विमा नाही मिळणार."

मला आधी रागच आला. तीस वर्षांत साधा ओरखडा नाही माझ्या गाडीला! मी तसं तिला सुनावलंही. तिने शांतपणे पडदा माझ्याकडे वळवला. समोरच्या काचेचं चित्र होतं आणि त्यावर माझी नजर जिथे जिथे गेली तिथे ठिपके. उजवा आरसा ठिपक्यांनी काळा झाला होता. मधला रस्ता, मधला आरसा, सगळीकडे दाट ठिपके. डावा आरसा मात्र कोरा होता. डावीकडचा रस्ताही जवळजवळ कोरा.

"हे आज सकाळी साडेसातपासूनचं," सबिना म्हणाली. "आणि हे आधीच्या चार दिवसांचं." दुसऱ्या चित्रात डाव्या बाजूला ठिपके होते, भरपूर. "यात प्रत्येक वेळी आधी गाडीत आवाज येतो, मग तुमचे डोळे डावीकडे वळतात. तेव्हाचा आकडा चार आहे. चार दिवस ही गाडी दोघं जण चालवत होते, मॅडम. आज एकच माणूस चालवतंय."

मी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. मला कळायला हवं होतं. लॅबमध्ये दुसऱ्यांचे दोष शोधण्यात जन्म गेला माझा. सुहास, माझा नवरा, गाडी कधी शिकलाच नाही. लग्नानंतर चोवीस वर्षं मी चालवायची आणि तो डावीकडे बसून बघायचा. "थांब, स्कूटर जाऊ दे. हं, घे आता." त्याची बाजू तो बघायचा, माझी मी. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी घर, बाजार, लॅब याच्या पलीकडे फारशी गेलेच नव्हते, म्हणून लक्षात आलं नाही. माझे डोळे अजूनही डावी बाजू त्याच्यावर सोडून देत होते. मला तिथे, त्या रांगेत, त्याची फार आठवण आली.

तेवढ्यात ओजसचा फोन आला. "आई, ईश्वरीला पहाटे अ‍ॅडमिट केलंय. रक्तदाब खूप वाढलाय. डॉक्टर म्हणतात, औषधाने उतरला नाही तर आज संध्याकाळपर्यंत सिझेरियन करावं लागेल. तुम्ही कुठपर्यंत आलात? ती सारखी तुम्हाला विचारतेय."

"येतोच आहोत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सबिनाला विचारलं, टॅक्सी मिळेल? दशैंमुळे सगळ्या बुक. विमान? तेही भरलेलं. आणखी एक गोष्ट तिने हळूच सांगितली. घाटात दरडीचं काम चालू होतं, म्हणून वर जाणाऱ्या गाड्यांना बारा वाजेपर्यंतच सोडत होते. पुढची खेप उद्या. "पण तुम्हाला नव्याने चाचणी देता येईल," ती म्हणाली. "दिवसाला दोनदा. विहीणबाईंना पुढे बसवा." गाडीत मागे कोण बसलंय ते मी सांगितलं होतं. तिच्याकडे विहिणीला सम्धिनी म्हणतात, नातं तिला समजावून सांगावं लागलं नाही.

मी गाडीपाशी गेले. विहीणबाई मागे तशाच बसलेल्या. मी त्यांना ओजसचा फोन सांगितला. त्यांचा चेहरा उतरला. मी चाचणीचं सांगितलं, तशा त्या लगेच उतरल्या आणि पुढे येऊन बसल्या. पट्टा लावला. "सकाळचं मनावर घेऊ नका," मी म्हटलं.

"छे छे, तुमचं बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "मीच जरा जास्त बोलते."

चाचणी म्हणजे गाडी फिरत्या रुळांवर चढवतात. चाकं जागच्या जागी फिरतात आणि समोरच्या काचेवर घाट उमटतो, आरशांतसुद्धा. अगदी खरा. वीस मिनिटं मी तो घाट चालवला. विहीणबाई इतक्या सौजन्याने वागल्या की काय सांगू. "विहीणबाई, डावीकडे एक मोटरसायकल आहे बरं का." "तुमच्या लक्षात आलंच असेल, पण तिथे एक मुलगी उभी आहे." मीही प्रत्येक वेळी, "हो हो, थँक यू."

आकडा आला अडतीस.

"असं कसं?" मी ओरडले. "त्या सगळं सांगत होत्या की!"

सबिना बाहेर आली होती. तिने हातातला पडदा विहीणबाईंपुढे धरला. "मावशी, गाडीतला कॅमेरा तुमचेही डोळे बघतो. ही मोटरसायकल तुम्हाला लगेच दिसली. पाव सेकंदात. मॅडमच्याही आधी, माझ्याही आधी. पण तुम्ही बोललात दीड सेकंदाने. घाटात दीड सेकंद म्हणजे गाडी वीस मीटर पुढे जाते. तुम्ही थांबलात कशासाठी?"

घड्याळात दहा चाळीस झाले होते.

"रांग आहे," सबिना म्हणाली. "दुसरी चाचणी सव्वाअकराला देते. शेवटची." आणि ती आत गेली.

आम्ही दोघी गाडीतच बसून राहिलो. काचेवरचा घाट मावळला होता आणि समोर विमा केंद्राची पिवळी भिंत होती.

"का थांबलात?" मी विचारलं.

"तुम्ही परत ओरडला असता मला," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"मी कशाला ओरडेन? पोरगी तिकडे..."

"ओरडला की सकाळी! अठ्ठावीस वर्षं, तृप्तीताई. बार्शी-पुणे, बार्शी-लातूर, बार्शी-पंढरपूर. एकाही ड्रायव्हरनं मला कधी गप्प बस म्हटलं नाही. रात्रीच्या गाडीला पोरं माझं नाव सांगून ड्युटी मागायची, काटकरबाई असतील तर जातो म्हणायची. अन् तुम्ही मला दुधाच्या सायकलीपायी गप्प बसवलंत." त्यांचा आवाज आता चढला होता. "माझा ओजस म्हणाला, आई, तू बारशाला ये, बाळंतपणाला तिची आई आहे ना. मला काही काम नव्हतं तिकडं. तुम्ही आत जाणार लेकीपाशी, अन् मी बाहेर बाकावर बसणार. मला माहीत हाय ते. म्हटलं, निदान गाडीत तरी उपयोगी पडू. ती बाई एकटी एवढ्या लांब जाणार, तिला डावीकडचं कोण सांगणार?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच कळलं. बार्शीच्या चौकातच. डाव्या आरशात बघतच न्हाई तुम्ही. म्हणून तर ओरडत होते, नाहीतर मला काय हौस होती?"

"मग सांगायचं ना मला!"

"मुलाच्या आईनं मुलीच्या आईला सांगायचं, तुला गाडी नीट येत न्हाई? किती बोभाटा झाला असता! ईश्वरीला काय वाटलं असतं?"

म्हणजे ही बाई चार दिवस माझी चूक झाकत होती, आणि मी तिला गप्प बसवलं होतं. मला इतकी लाज वाटली. मी त्यांना सुहासचं सगळं सांगितलं. तो कसा बसायचा, कसा बघायचा, गाडी शिकायला का घाबरायचा. आणि ठिपक्यांमधली ती कोरी जागा. सांगता सांगता रडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर रडले असेन.

त्यांनी पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात कोंबला. "हे आधी सांगायचं ना बाई! मी म्हटलं, मॅडमना घमेंड हाय, शेजारच्याचं ऐकायचं म्हणजे कमीपणा वाटतो." मग म्हणाल्या, "घमेंड पण हायच थोडी."

"आहे," मी म्हटलं. "तुम्ही ओरडा. अजिबात थांबू नका. मी काही म्हणाले तरी ओरडा."

"तुम्ही-बिम्ही नको आता. ड्रायव्हरला मी अहो-जाहो करत नव्हते. जीभ अडखळते."

सव्वाअकराला काचेवर पुन्हा घाट उमटला. या वेळी माझ्या शेजारी पाहुण्या विहीणबाई नव्हत्या, ड्युटीवरच्या काटकरबाई होत्या. "स्कूटी, डावी! दाब! हां, सोड. पुढं खड्डा, हळू. ए, बकरी, बकरी! थांब! अगं थांब म्हणते ना! जाऊ दे तिला. चल." मीही गप्प बसले नाही. "दिसली, दिसली!" म्हणून ओरडले, तर त्या म्हणाल्या, "मग पाय का न्हाई गेला ब्रेकवर?" बाहेर रांगेतली माणसं काचेतून आमच्याकडे बघत होती. त्यांना वाटलं असणार, दोन म्हाताऱ्या आता एकमेकींच्या झिंज्या उपटणार.

सबिनाने कागद आणून दिला. आकडा होता तीन. खाली लिहिलं होतं की हा विमा जोडीचा आहे, दोघी पुढच्या सीटवर असतील तोवरच लागू. "चार दिवसांच्या सरासरीपेक्षाही कमी," ती म्हणाली. "जपून जा, मावशी. आणि भांडत जा."

बारा वाजायला दहा मिनिटं असताना आमच्यामागे फाटक बंद झालं.

तो घाट मला आता तुकड्यातुकड्यांनी आठवतो. डावीकडे दरी आली की वैजयंतीचा आवाज खाली यायचा, सावकाश व्हायचा, जसा घाबरलेल्या गाडीभर माणसांना सांभाळताना होत असेल. दरडीपाशी रस्ता एका गाडीपुरता होता आणि समोरून ट्रक आला. मला गाडी मागे घ्यायची होती. ती म्हणाली, "आरशात बघू नको. माझ्याकडं लक्ष दे. येऊ दे. येऊ दे. जरा उजवी. येऊ दे. बस." मी डोळे मिटून घेतले असते तरी चाललं असतं इतका माझा त्या आवाजावर विश्वास बसला होता. ट्रक गेला तेव्हा तिने कपाळावरचा घाम पुसला आणि मला डिंकाचा लाडू भरवला. ईश्वरीसाठी केलेले होते ते. तिघींनी मिळून खाल्ले असं समजू, ती म्हणाली.

चार वाजता वालिंगपाशी ओजसचा फोन. ईश्वरीला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं. त्यानंतर पोखऱ्याला पोचेपर्यंत फोन लागला नाही. आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. ती फक्त रस्ता सांगत राहिली, वळणामागून वळण, आणि मी चालवत राहिले. ती गप्प झाली असती तर मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसकण मारली असती.

पोखऱ्याच्या हॉस्पिटलात शिरलो तेव्हा सहा वाजून गेले होते. ओजस जिन्यातच भेटला. त्याने आधी त्याच्या आईला मिठी मारली, मग मला. "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. पाऊण तास झाला."

नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली आणि आमच्या दोघींकडे बघून थांबली. वैजयंती दोन पावलं मागे सरकली. मागे खरंच एक बाक होता, ती त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. "तू घे," म्हणाली. "तुझा मान आहे."

मी हात पुढे केले. सहा तास स्टिअरिंग आवळून धरलेले हात होते ते. कोपरापासून बोटांपर्यंत थरथरत होते, थांबवायचे म्हटले तरी थांबेनात. या हातांत मी माझी नात घेणार नव्हते.

"मला नाही जमणार," मी म्हटलं. "वैजयंती, ये. तू घे."

ती आली नाही. मग मी जाऊन तिला दंडाला धरून आणलं. नर्सने बाळ तिच्या हातात दिलं. तिने बघितलं, आणि ती सबंध घाटात बोलत आलेली बाई एकदम मुकी झाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बऱ्याच वेळाने तिने माझा थरथरता हात ओढून बाळाच्या पाठीखाली घेतला, वर स्वतःचा हात घट्ट धरला, आणि आम्ही दोघींनी मिळून तिला धरून ठेवलं.

ईश्वरीला भेटायला एकाच माणसाला सोडत होते. मी आत गेले. पोरगी पांढरीफटक पडली होती, पण हसली. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. "आई," ती क्षीण आवाजात म्हणाली, "बाबा नसताना, त्या एवढ्या घाटात तू एकटीने गाडी चालवलीस?"

"गाडी मी चालवली," मी म्हटलं. "पण आणलं मला तुझ्या सासूबाईंनी."